उडी थांबवा, मोजायची आहे

झाशीच्या किल्ल्यावर एक जागा आहे, तिला लोक ‘कूदान स्थल’ म्हणतात. दत्तक मुलाला, दामोदररावांना, पाठीशी बांधून राणी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे बाईसाहेबांनी, घोड्यासकट उडी घेतली ती इथूनच, अशी आख्यायिका. पर्यटक कठड्याशी येतो, खाली डोकावतो, ‘बाप रे’ म्हणतो, पाठ फिरवून स्वतःचा फोटो काढतो आणि सावलीकडे पळतो. मे महिन्यातली झाशी. ‘बाप रे’ उडीला होतं की उन्हाला, हे सांगणं कठीण. तासभर मी तिथे उभा होतो. ‘किती मीटर?’ असं विचारणारा एकही निघाला नाही. शेवटी गाईडला मीच विचारलं. तो म्हणाला, ‘बहुत.’ ‘बहुत’ हे बुंदेलखंडातलं लांबीचं एकक असावं. आपल्याकडे त्यालाच ‘लय’ म्हणतात.

सोबत भाची होती. बहिणीचं सासर झाशीचं. घर मराठी, पण इतक्या पिढ्या तिकडे गेल्यावर क्रियापदं आपली आणि नामं त्यांची. पोर अकरावीत, विज्ञान शाखेत, एका इंटर कॉलेजात. (उत्तर प्रदेशात सहावीतलं पोरगंही ‘कॉलेज’ला जातं, कारण शाळेच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं. आत्मविश्वास वाढवायचा याहून स्वस्त उपाय आपल्या शिक्षण खात्याला अजून सुचलेला नाही.)

मी म्हटलं, ‘काय गं, इथून घोडा उडाला तर खाली पोचेपर्यंत किती वेळ?’

‘मामा, प्रोजेक्टाइल तर माझं कधीच झालंय.’

‘कुठे झालं?’

‘फोनवर. टू एक्सवर.’

टू एक्स म्हणजे दुप्पट वेग. हल्लीची सगळी पोरं व्हिडिओ दुपटीनेच बघतात. सर बोलतात ते मुळातच घाईत, त्यात यांची घाई वेगळी. मग तिथेच, त्या उन्हात, मी तिला एक साधा प्रश्न टाकला. व्हिडिओत सरांनी हातातून खडू सोडला. तू तो दुपटीने बघितलास. तुझ्या पडद्यावरच्या त्या खडूचं गुरुत्वीय त्वरण किती?

‘दुप्पट,’ ती म्हणाली. ताबडतोब. टू एक्सवर.

दुप्पट नाही, चौपट. अंतर तेवढंच राहिलं, वेळ निम्मा झाला, आणि सूत्रात वेळ वर्गात बसलेला आहे. ९.८ चे झाले ३९.२. असा खडू पृथ्वीवर पडत नाही. सूर्यमालेतला सगळ्यात दांडगा ग्रह गुरू, त्याचंही त्वरण २४.८ च्या आसपास. दीडपट वेगावर ठेवलं तर हिशोब २२ येतो, म्हणजे गुरूच्या जवळपास. दुपटीवर नेलं की गुरू मागे पडला. तीन वर्षं रोज फोनवर शिकणाऱ्या या पिढीने गुरूला इतक्या सहजी मागे टाकलेलं आहे, आणि बिचारीला कुणी सांगितलेलं नाही.

भाची गप्प झाली. मग बोटांवर काहीतरी मोजत म्हणाली, ‘मग चंद्र पाहिजे असेल तर?’

हा प्रश्न मला आवडला. त्याच्याकडे परत येतो.

आधी एक कबुली देतो, नाहीतर पत्रांचा पाऊस पडेल. फोनवरच्या भौतिकशास्त्राची टिंगल करायला मी झाशीला गेलो नव्हतो, आणि तशी टिंगल करायची माझी पात्रताही नाही. व्हिडिओवर फिजिक्स शिकवण्याची राजधानी आज उत्तर प्रदेशातच आहे. प्रयागराजच्या अलख पांडे या तरुणाने फळा आणि कॅमेरा एवढ्यावर यूट्यूबवर शिकवायला सुरुवात केली. त्याची ‘फिजिक्सवाला’ ही कंपनी २०२२ साली शंभर कोटी डॉलरच्या वर मोजली गेली. ‘भाजीवाला’, ‘दूधवाला’ यांच्या ओळीत ‘फिजिक्सवाला’ बसवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला देश कळलेला आहे. ज्या गावात विज्ञानाच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी, तिथल्या पोराला न्यूटनचा तिसरा नियम त्याच्या बोलीच्या जवळपासच्या भाषेत, आणि परवडेल अशा पैशांत, त्या फोनने सांगितला. पुण्यात बसून त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी मऊरानीपूरला जाऊन एक तास घेऊन दाखवावा.

माझं भांडण व्हिडिओशी नाही. तो अखंड चालू राहतो, याच्याशी आहे.

शाळेतला व्हिडिओ तर अखंड बंद असतो, हा भाग वेगळा. एका शाळेत (राज्य सांगत नाही, गाव सांगत नाही, दोन्हीकडे सारखंच) मला मोठ्या अभिमानाने स्मार्ट पॅनल दाखवण्यात आलं. त्यावर मखमली कापड होतं. कापडावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. किल्ली बडे बाबूंकडे होती आणि बडे बाबू लग्नाला गेले होते. पॅनलला हळदकुंकू लागल्याची खूण मात्र स्पष्ट दिसत होती. विज्ञानाच्या बाईंना विचारलं, वापरता का? त्या म्हणाल्या, ‘२६ जानेवारीला लावतो.’ तंत्रज्ञान म्हणजे खराब होणारी वस्तू आणि विद्यार्थी म्हणजे खराब करणारी वस्तू, ही आपली समजूत रेडिओच्या काळापासूनची आहे. प्रयोगशाळेच्या काचकपाटांनाही तेच कुलूप असतं. बारावीला भौतिकशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे, झाशीलाही आणि सोलापूरलाही. ते ३० कसे मिळतात, हे मिळवणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे सांगून कुणाची वही उघडी पाडत नाही.

वरून मात्र वाहिन्यांचा धबधबा चालू. २०२० साली ‘एक वर्ग, एक वाहिनी’ आली, बारा इयत्तांना बारा. २०२२ च्या अर्थसंकल्पात बाराच्या दोनशे करायचं ठरलं. दोनशे! एवढ्या वाहिन्या तर सासू-सुनांनाही पुरल्या नसत्या. आणि हे काही नवं नाही. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेचा उसना उपग्रह घेऊन आपण सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली होती. छपरावर कोंबड्यांच्या जाळीची अँटेना आणि खाली ओट्यावर सगळं गाव. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता, उत्तर प्रदेश नव्हता. झाशीच्या आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे मध्य प्रदेश. म्हणजे हद्दीपलीकडच्या राज्याला टीव्ही आणि अलीकडे झाशी कोरडी. वर्षभराने अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि गावकऱ्यांनी जाळी बहुधा पुन्हा कोंबड्यांना दिली असेल.

आपल्याकडे बालचित्रवाणी होती. पुण्यात १९८४ साली सुरू झाली. ज्यांचं वय आज चाळीसच्या पुढे आहे, त्यांना नुसतं नाव घेतलं तरी शीर्षकगीत ऐकू येतं. मलाही आत्ता येतंय, आणि ते थांबवायची सोय नाही. २०१७ साली ती बंद पडली. मराठी मुलांना मराठीतून विज्ञान दाखवणारी आपली स्वतःची संस्था नेमकी तेव्हा मेली, जेव्हा प्रत्येकाच्या खिशात पडदा आला होता. विहिरीला पाणी लागलं आणि आम्ही रहाट मोडून सरपण केलं.

असो. रडगाणं हे या सदराचं काम नाही, त्याला अग्रलेख आहेत.

मूळ मुद्दा असा, की चित्रफीत म्हणजे काय हे आपण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जास्त नीट समजलो होतो. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, एक चिमुकली फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना थोडथोड्या वेळाने चित्रं घेत राहिले. पडद्यावर काही क्षणांत कोंब वर आला, वेल झाला. बघणाऱ्यांनी वाटाणे आयुष्यभर खाल्ले होते, पण वाटाण्याला उभं राहताना कुणी पाहिलं नव्हतं. भांडवलासाठी केलेली ती करामत होती, हे खरं. पण त्यात सगळं आलं. डोळ्याला जे फार सावकाश घडतं म्हणून दिसत नाही, ते कॅमेऱ्याने आवळून दाखवलं. फाळके तिथे समजावून सांगत नव्हते. ते काळाला पकडून त्याचा कान पिरगाळत होते.

पडणाऱ्या वस्तूचं नेमकं उलट आहे. ती डोळ्याला फार लवकर घडते. गॅलिलिओची सगळी हयात याच अडचणीत गेली. सरळ पडणारी वस्तू त्याला मोजता येईना, म्हणून त्याने ती उतारावरून घरंगळवली आणि पाणी ठिबकवून वेळ मोजला. त्याच्या हातात भाचीचा फोन असता, तर त्याने उतार बांधलाच नसता. (धर्मपीठाने फोन जप्त केला असता, ते सोडा.)

साधा फोन सेकंदाला ३० चित्रं टिपतो. शाळेच्या पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून क्रिकेटचा चेंडू सोडा. शेजारी भिंतीवर खडूने मीटर-मीटरच्या खुणा करा. समोरून चित्रण करा आणि मग एकेक चित्र पुढे सरकवत बघा. पहिल्या दहा चित्रांत चेंडू ५४ सेंटिमीटर खाली येतो. पुढच्या दहांत १६३. त्याच्या पुढच्या दहांत २७२. आता १६३ ला ५४ ने भागा, २७२ ला ५४ ने भागा. एक, तीन, पाच. थोडं इकडेतिकडे होईल, होऊ द्या, हात थरथरतोच. विषम संख्यांची ही ओळ गॅलिलिओने काढली, १६३८ च्या पुस्तकात छापली, आणि ती आज कुठल्याही इंटर कॉलेजच्या व्हरांड्यात पाच मिनिटांत निघते. यासाठी दोनशे वाहिन्या लागत नाहीत. बडे बाबू लग्नाहून परत यायचीही गरज नाही. लागतं ते एक बटण, जे प्रत्येक फोनवर आहे आणि ज्याला कुणी हात लावत नाही. दोन उभ्या रेघांचं. थांबा म्हणणारं.

परदेशात तर या कामासाठी फुकटची सॉफ्टवेअरं आहेत. ‘ट्रॅकर’ नावाचं एक अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मास्तराने बनवलं: चित्रफीत घाला, चेंडूवर एकेक टिंब ठेवत जा, आलेख आपोआप निघतो. पण मला खडूच्या खुणा जास्त आवडतात. चूक झाली की ती भिंतीवर दिसते.

न थांबवलेला व्हिडिओ काय करतो, हे डेरेक म्युलर नावाच्या माणसाने मोजून ठेवलं आहे. पुढे त्याने ‘व्हेरिटासियम’ ही प्रचंड गाजलेली वाहिनी काढली, पण त्याआधी सिडनी विद्यापीठात त्याने २००८ साली याच विषयावर पीएचडी केली. भौतिकशास्त्राच्या मुलांना त्याने स्वच्छ, नेटका, समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला. मुलं म्हणाली, वा, किती सोपं, किती स्पष्ट. परीक्षा घेतली तर गुण जवळजवळ होते तिथेच. दुसऱ्या गटाला असा व्हिडिओ दाखवला, ज्यात कुणीतरी चुकीचं बोलतो आणि मग ते चुकीचं उकलत जातं. ही मुलं म्हणाली, गोंधळ होतोय. त्यांचे गुण वाढले.

हे वाचल्यावर मी माझ्या सगळ्या आवडत्या शिक्षकांची मनातल्या मनात पुन्हा यादी केली. जे ‘छान समजावून सांगायचे’ ते खाली गेले. एक होते, ज्यांच्या तासाला डोकं दुखायचं, ते वर आले. त्यांना सांगायला हवं होतं, पण उशीर झाला.

हार्वर्डच्या एरिक माझूरच्या गटानेही २००४ मध्ये असंच काही छापलं. वर्गात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवला, मुलांनी नुसता बघितला, तर तो न बघितलेल्यांपेक्षा त्यांना काही फार जास्त कळत नाही. मात्र आधी विचारलं, ‘काय होईल? लिहून दे,’ आणि मग दाखवला, तर फरक पडतो. हा शोध आमच्या गल्लीतल्या ज्योतिषालाही माहीत आहे: भविष्य आधी सांगायचं असतं. घडून गेल्यावर सगळ्यांनाच कळलेलं असतं.

भाचीला मी दुपटीचा प्रश्न विचारला तेव्हा नेमकं हेच झालं. व्हिडिओने तिला तीन वर्षं एकदाही विचारलं नव्हतं, ‘तुला काय वाटतं?’ व्हिडिओ भला माणूस आहे, पण तो उत्तराची वाट बघत नाही. त्याला पुढचा व्हिडिओ लावायचा असतो.

आता बघून-बघून शिकल्याची फजिती ऐका. वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमाचा झुलता पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून खाली गेला. पडतानाची फिल्म आहे, आणि ती जगातल्या बहुतेक भौतिकशास्त्राच्या वर्गांत दाखवली गेली आहे. मास्तर म्हणतात, बघा, हा अनुनाद. पूल वाऱ्याच्या तालावर नाचला. १९९१ मध्ये दोन अभियंत्यांनी सविस्तर लिहून सांगितलं, की अहो, हा साधा अनुनाद नाही. पूल स्वतःच्या हालचालीने वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होता, वाऱ्याला तसा ताल नव्हताच. तरीही पुस्तकं तेच छापत राहिली, कारण फिल्म किती छान आहे! आणि त्याहून गंमत पुढे. फिल्म सेकंदाला १६ चित्रांनी टिपलेली, पुढे दाखवली गेली २४ ने. म्हणजे दीडपट. त्या दिवशी पुलापाशी असलेल्यांनी हातातल्या घड्याळाने मोजलं होतं, मिनिटाला १२ पिळे. फिल्मवर मोजाल तर १८. अर्धशतकाहून जास्त काळ जगभरच्या मास्तरांनी तो पूल दीडपट वेगाने पाडला आणि एकाही वर्गातल्या एकाही पोराने हात वर करून विचारलं नाही, की सर, जरा थांबवा, मी मोजतो. विचारलं असेल तर सरांनी खाली बसवलं असेल. पुढे २०१५ च्या सुमारास कुणीतरी एकदाचं मोजलं.

तर चंद्र. भाचीला चंद्र हवा होता. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. दोन्ही एकदम टेकलं. गॅलिलिओ बरोबर होता, असं तो तिथल्या तिथे म्हणालाही. चंद्राचं त्वरण १.६२. दीड मीटरवरून पडायला पृथ्वीवर अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, चंद्रावर सुमारे एक पूर्णांक एक तृतीयांश सेकंद. म्हणजे आपल्या गच्चीवरून पडणाऱ्या चेंडूचा व्हिडिओ ०.४ वेगाने लावला, की चेंडू चंद्रावर पडतो. ०.४ चा वर्ग ०.१६, गुणिले ९.८. हे गणित तिने स्वतः केलं, किल्ल्यावर, फोनच्या कॅल्क्युलेटरवर, आणि मग कॅल्क्युलेटर बंद करून कॅमेरा चालू केला आणि आपली पाण्याची बाटली हातातून सोडली. बाटली चंद्रावर पडली. झाकण मात्र झाशीत फुटलं.

‘मामा, मजा आली,’ ती म्हणाली. मला त्या वाक्यात अरविंद गुप्ता दिसले. हा माणूस बरेलीचा, शिकला कानपूरच्या आयआयटीत, नोकरीला लागला पुण्यात टेल्कोत, आणि मन रमलं होशंगाबादच्या खेड्यातल्या शाळांत, जिथे १९७२ पासून मुलांना करून बघत विज्ञान शिकवायचा उद्योग चालला होता. तिथे बाजारात त्यांना सायकलची वाल्व्ह-ट्यूब सापडली. तिचे तुकडे, आगकाड्या, झाले सांधे आणि झाल्या आकृत्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी आणि त्यांच्या चमूने कचऱ्यातून खेळणी करण्याचे शेकडो छोटे व्हिडिओ बनवले. मिनिट, दोन मिनिटं. मराठीतही. २०१८ ला पद्मश्री मिळाली. फाळक्यांनीही आगकाड्यांची एक फिल्म केली होती, ‘आगकाड्यांची मौज’. आगकाडीत मराठी कॅमेऱ्याला काय दिसतं कोण जाणे, पण दिसतं.

गुप्तांच्या व्हिडिओंची खोड अशी, की ते पूर्ण बघवत नाहीत. अर्ध्यात पोरगं उठतं आणि स्ट्रॉ कुठे आहे, कात्री कुठे आहे म्हणत घर डोक्यावर घेतं. यूट्यूबच्या हिशोबाने हे वाईट. बघणारा पळून गेला. माझ्या हिशोबाने याहून चांगला व्हिडिओ नसतो.

उडी राहिली.

पडद्यावर बाईसाहेबांचा घोडा बऱ्याचदा धावला. सोहराब मोदींनी १९५३ ला टेक्निकलरमध्ये धाववला. २०१९ ला ‘मणिकर्णिका’ आला, आणि पाठोपाठ चित्रीकरणाच्या वेळची एक फीत फोनाफोनांतून फिरली. घोडा यंत्राचा, वरखाली हलणारा, भोवती माणसं. लोक पोट धरून हसले. मला तर ती फीत अकरावीच्या अभ्यासक्रमात लावावीशी वाटली. सापेक्ष गती समजावायला याहून चांगलं काय? घोडा धावतो आणि मागचं झाड उभं, की घोडा उभा आणि झाड धावतं, डोळ्याला फरक कळत नाही, हेच तर सांगायचंय. १९६० साली टोरांटोच्या ह्यूम आणि आयव्ही या दोन प्राध्यापकांनी शाळांसाठी नेमक्या याच विषयावर एक कृष्णधवल फिल्म केली. सुरुवातीलाच दोघांपैकी एक उलटा दिसतो, आणि उलटा नक्की कोण, यावर दोघांची गंभीर चर्चा होते. आजही ती बघताना मान आपोआप वाकडी होते. साठ वर्षांत भौतिकशास्त्राचे लाखो व्हिडिओ आले, पण बघणाऱ्याची मान वाकडी करणारे बोटांवर मोजण्याइतके.

खऱ्या उडीची फीत नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये वेढ्यातल्या झाशीत वरसईचे विष्णुभट गोडसे होते, पण त्यांच्याकडे फोन नव्हता, डोळे होते, आणि त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. बाईसाहेब रातोरात बाहेर पडल्या आणि काल्पीला पोचल्या, हे नक्की. इतिहासाच्या पुस्तकांत भांडेरी दरवाज्याने निघाल्याची हकिगतही आहे. पण दरवाज्यापाशी फोटो चांगला येत नाही.

‘समजा दहा मीटर,’ भाची म्हणाली. मी काहीच म्हटलं नव्हतं. ‘तर खाली पोचताना वेग चौदा. म्हणजे तासाला पन्नास किलोमीटर.’

‘मग?’

‘मग घोडा थांबणार किती अंतरात? पाय मुडपून अर्धा मीटर?’

दहा मीटर पडायचं आणि अर्ध्या मीटरात थांबायचं, म्हणजे वीसपट. गुरुत्वाच्या वीसपट मंदन. चारशे किलोच्या घोड्याच्या पायांवर आठ टनांहून जास्त. सूत्र लागत नाही, नुसता भागाकार पुरतो. बाईसाहेबांच्या शौर्याबद्दल मला शंका नव्हती आणि नाही. मला काळजी घोड्याच्या गुडघ्यांची.

भाचीने मात्र हार मानली नाही. झाशीची आहे. ती पुन्हा कठड्याशी गेली आणि या वेळी ‘बाप रे’ न म्हणता बराच वेळ खाली बघत राहिली. ‘मामा, जमीन सपाट होती की ढलान होती? ढलान असेल तर सगळा वेग थोडाच थांबवायचा असतो? तिरपा निघून जाईल ना.’

अगदी खरं. बर्फावरून शंभर-शंभर मीटर उडणारे लोक उतारावर टेकतात म्हणूनच जिवंत राहतात. उताराला काटकोनात जेवढा वेग असतो, तेवढाच पायांना झेलावा लागतो. आणि किल्ला तर बंगरा टेकडीवर बसलेला. ओरछ्याच्या बीरसिंहदेवाने १६१३ ला बांधला, पुढे आपल्या नारोशंकरांनी वाढवला. (तेच, नाशिककरांच्या घंटेवाले. गोदेला पूर आला की सगळं नाशिक त्यांच्या घंटेकडे बघतं. पाण्याची उंची मोजायची इतकी सुरेल पट्टी दुसरी नाही.)

‘आधी उंची तर पाहिजे,’ भाची म्हणाली. ‘दहा समजा-समजा किती करणार?’

वरून काही टाकून वेळ मोजायचा विचार तिच्या डोळ्यांत आला. तेवढ्यात पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्याने शिट्टी मारली. या लोकांना गतीचे नियम उपजत कळतात.

मग आम्ही वळसा घालून खाली उतरलो, भिंत पायथ्यापर्यंत दिसेल अशा जागी. तिने फोन दोन विटांवर आडवा ठेवला, लांब, सरळ रेषेत. मला म्हणाली, ‘तुम्ही उधर जाऊन भिंतीला चिकटून उभे राहा. तुमची हाइट किती?’

‘एकशे सत्तर सेंटिमीटर.’

‘चपलांसकट?’

मी चपला काढल्या. दगड तव्यासारखे तापले होते. ऊन डोक्यावर, पाय पोळतायत, शेंगदाणे खात बसलेलं एक कुटुंब माझ्याकडे बघतंय, आणि मी, मराठीतला एक बरा स्तंभलेखक, झाशीच्या किल्ल्याला फूटपट्टी म्हणून टेकलेला. लांबून भाचीचा आवाज आला.

‘मामा, ताठ! तुम्ही वाकलात की किल्ला उंच होतो!’